तापत्या गावांचा न मांडलेला खर्च

विदर्भातील माणसाला उन्हाळ्याविषयी काही सांगायला जाणे हा एक प्रकारचा आगाऊपणाच होय. चैत्र सरला की डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, दुपारी घराबाहेर पडू नये, कैरीचे पन्हे प्यावे, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपाचे नऊ दिवस निमूटपणे सोसावेत, हे शिक्षण येथे पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे दर मे महिन्यात तापमानाच्या यादीत वर असतात, आणि आपण ती यादी जवळजवळ अभिमानाने वाचतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तेव्हा चौकाचौकांत चर्चा चालली होती ती विक्रमाची.

उन्हाची ही सवयच आता आपल्याला फसवू लागली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ऊन पूर्वीही होते, आजही आहे. त्यात नवे काय, असे म्हणून विषय संपविणारे पुष्कळ भेटतात. नवे काय आहे, ते पाहण्यासाठी दुपारी नव्हे, तर रात्री घराबाहेर पडावे लागते.

आंजी ते वर्धा हा प्रवास गेली अनेक वर्षे मी एस.टी.ने करीत आहे. आर्वी मार्गावरून जाणारी सायंकाळची बस वर्धा सोडते तेव्हा खिडकीतून येणारी हवा भट्टीच्या तोंडावरची असते. पिपरी (मेघे) येते, वस्ती संपते, दोन्ही बाजूंना काळे शेत लागते, आणि थोड्याच अंतरावर खिडकीतून पहिली बरी झुळूक येते. याला तापमापकाची गरज नाही; बसमधील सारे प्रवासी त्या ठिकाणी नकळत खिडकीकडे वळून बसतात. इतक्यात लक्षात आले ते एवढेच की ती झुळूक येण्याची जागा दरसाल आंजीच्या दिशेने सरकत आहे. जेथे पूर्वी तुरीचे आणि पऱ्हाटीचे शेत होते, तेथे ‘ले-आउट’चे फलक आहेत, मुरूम टाकलेले रस्ते आहेत आणि प्लॉटच्या हद्दी दाखविणारे सिमेंटचे खांब आहेत.

रात्र थंड होत नाही

शहर भोवतालच्या खेड्यापेक्षा अधिक गरम असते, हे निरीक्षण नवीन नाही. लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या गृहस्थाने १८१८ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लंडनची हवा आणि भोवतालच्या खेड्यांची हवा यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून दाखविले होते की फरक विशेषतः रात्री जाणवतो. कारण सोपे आहे. डांबर, सिमेंट आणि विटा दिवसभर ऊन पितात आणि सूर्यास्तानंतर ते सावकाश ओकतात. झाडाच्या पानांतून आणि ओल्या मातीतून होणारे बाष्पीभवन हवेतील उष्णता शोषून घेते. माती झाकली आणि झाड तोडले की ही नैसर्गिक सोय बंद पडते. उंच भिंतींमधील अरुंद गल्लीत वारा शिरत नाही. त्यात वाहनांच्या इंजिनांची आणि वातानुकूलन यंत्रांची उष्णता मिसळते. वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, ती फक्त खोलीतून उचलून गल्लीत टाकते, ही गोष्ट सुशिक्षित माणसेही विसरतात.

मानवी शरीर दिवसाचा ताप सहन करते ते रात्रीच्या विसाव्याच्या भरवशावर. पूर्वी अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपले की मध्यरात्रीनंतर अंगावर चादर ओढावी लागे. आता वर्ध्यातील एखाद्या दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात पहाटे चार वाजताही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. ज्याला रात्रभर झोप नाही, तो मजूर सकाळी सहा वाजता ताज्या अंगाने कामावर जात नाही. आपल्याकडे ‘ऊन लागणे’ हा एका दुपारचा अपघात मानला जातो. वस्तुतः तो बहुधा चार-सहा रात्रींच्या साचलेल्या थकव्याचा शेवट असतो.

आणखी एक गोष्ट. आपला कूलर कोरड्या हवेचा मित्र आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाळ्याच्या ताट्या काय किंवा आजचे कूलर काय, उत्तम काम करतात, कारण पाणी वेगाने वाफ होऊन हवा थंड करते. मृगाच्या आधी ढग येऊ लागले, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर नुसती ओली हवा फेकू लागतो. तापमापकावर आकडा चार अंशांनी उतरलेला असतो आणि अंगाची तलखी मात्र वाढलेली असते. घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. वर्तमानपत्रात ‘तापमानात घट’ असा मथळा येतो त्याच दिवशी म्हाताऱ्या माणसांचे हाल सर्वाधिक होतात, हा अनुभव अनेक घरांतील असेल.

धूर एकाचा, खर्च दुसऱ्याचा

उष्णता आणि दूषित हवा ही दोन वेगळी संकटे आहेत, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. एक उन्हाळ्याचे, दुसरे दिल्लीच्या हिवाळ्याचे. ही वाटणी सोयीची आहे, परंतु खरी नाही. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाची वाफ यांच्यावर प्रखर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. वरच्या वातावरणात तो आपले रक्षण करतो. नाकाशी आला की फुप्फुसे जाळतो. ऊन जितके कडक तितका तो अधिक. म्हणजे उष्ण प्रदेशातील शहराला तोच धूर अधिक महाग पडतो. शिवाय उष्णता वाढली की पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्रे यांची विजेची मागणी वाढते, आणि ती वीज विदर्भात मुख्यतः कोळशाची आहे. दिवसा सौर पटले काही भार उचलतात. परंतु रात्र थंड होत नाही म्हणून मागणी सूर्यास्तानंतरही टिकून राहते, आणि तेव्हा चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांवाचून इलाज नसतो. थंडाव्यासाठी जाळलेला कोळसाच पुढच्या उन्हाळ्याची तजवीज करीत असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आर्थर पिगू आठवल्यावाचून राहत नाही. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या आशयाच्या ग्रंथात त्याने कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण दिले होते. कारखानदार कोळशाचा, मजुरीचा, व्याजाचा हिशेब ठेवतो; पण धुराने शेजाऱ्यांचे जे नुकसान होते, ते त्याच्या वहीत येत नाही. ते खर्च होतातच, फक्त ते भरणारा वेगळा असतो. शंभर वर्षे आम्ही हे प्रकरण पदवीच्या वर्गांना शिकवीत आलो. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो, विद्यार्थी ‘बाह्य परिणाम’ यावर पाच गुणांची टीप लिहितात, आणि खिडकीबाहेरच्या धुराचा त्या टिपेशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे, आमचा आहे.

चंद्रपूरचे उदाहरण दूर नाही. २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या निर्देशांकानुसार जी क्रमवारी लावली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. ७० च्या वर गुण असलेल्या ४३ क्षेत्रांत काही काळ नव्या प्रकल्पांना मनाई झाली. चंद्रपूरच्या विजेवर मुंबई-पुण्याचे दिवे लागतात हे सांगण्यात प्रादेशिक असूयेचा भाग नाही. पिगूच्या धुराड्याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. विजेच्या बिलात त्या शेतांचा रकाना नव्हता.

उपाय माहीत नाहीत असेही नाही. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची अट केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घातली. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढविली गेली, पुन्हा वाढविली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य संचांना या अटीतून मोकळे करण्यात आले. यंत्रणा खर्चिक आहे, वीज महाग होईल, आपल्या कोळशात गंधक कमी असते, अशी कारणे देण्यात आली. त्यांतील तांत्रिक भागाचा निवाडा तज्ज्ञांनी करावा. परंतु ‘खर्चिक’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. यंत्रणा न बसविल्याने होणारा खर्च कोणी मांडलाच नसेल, तर एक पारडे रिकामे ठेवून तराजू पाहिल्यासारखे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धूर नेहमी दुसऱ्याचाच असतो असे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याच शिवारात पऱ्हाट्या उपटून ढीग पेटविले जातात, धुरे जाळले जातात. घराघरांत पऱ्हाटी-तुराटीच्या चुली अजून पेटतात. गॅसची शेगडी आली, पण सिलिंडर भरण्याइतकी रोकड प्रत्येक महिन्यात हाती नसते. भारतातील हवेत सूक्ष्म कणांची जी भर पडते, तीत घरगुती जळणाचा वाटा फार मोठा आहे. त्या धुराची पहिली किंमत चूल फुंकणारी बाई देते. म्हणून शहराने खेड्याकडे बोट दाखवावे, किंवा खेड्याने शहराकडे, हा खेळ व्यर्थ आहे. फरक आहे तो निवडीचा. शेतकऱ्याला पऱ्हाटीचे तुकडे करून जमिनीत मिसळविणारे यंत्र वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्याने मिळाले, तर ती जाळण्याची त्याला हौस नाही.

जेथे मोजणी नाही, तेथे संकट नाही

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांची यादी झाली. तीत नागपूर आणि चंद्रपूर आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांना हवा सुधारण्यासाठी वेगळे अनुदान ठेवले. हे सारे स्वागतार्हच. पण पैसा गेला कोठे? दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाली आणि कारखान्यांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. रस्ते झाडणारी यंत्रे दिसतात, त्यांचे उद्घाटन करता येते. धुराड्याला हात घालणे अधिक अवघड. प्रगती मोजण्याची फूटपट्टीही मुख्यतः मोठ्या कणांची, म्हणजे पीएम-१० ची ठेवली गेली. फुप्फुसांच्या तळाशी आणि तेथून रक्तात जाणारे पीएम-२.५ कण त्या हिशेबात दुय्यम राहिले. आपले या कणांचे वार्षिक मानक दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेले मूल्य ५ आहे. मानकाच्या आत राहिलो म्हणून हवा शुद्ध झाली, असा याचा अर्थ नाही.

वर्ध्यासारख्या गावाचे दुःख निराळे आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या लाखाच्या थोडीच वर होती. ते चंद्रपूर नाही, नागपूर तर नाहीच. त्यामुळे मोठ्या निधीच्या दारात त्याला उभेही राहता येत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी ते आजच्या चंद्रपूरएवढे होईल तेव्हा कदाचित यादीत येईल. म्हणजे रोग बळावल्यावर रुग्णाचे नाव नोंदवून घेण्याची ही पद्धत झाली.

तापमानाच्या मोजणीतही हाच गोंधळ आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसले आणि देशभर खळबळ उडाली. इतर काही केंद्रांवर ते ४४ अंशांच्या आसपास होते. उपकरणात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले, आणि ते योग्यच झाले. त्या प्रसंगावर पुष्कळ विनोद झाले. मला मात्र त्यातून वेगळाच प्रश्न सुचला. हवामान खात्याचे अधिकृत तापमान सावलीत, हवेशीर लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. ते तसेच असले पाहिजे, नाहीतर एका गावाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही. पण टिनपत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता बाळंतीण किती अंशांत पडून असते, ही नोंद कोणत्या खात्याकडे आहे? मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट, ४७ वर गेला की तीव्र लाट, अशी व्याख्या आहे. टिनाखाली राहणाऱ्यासाठी ती लाट अनेक दिवस आधी आलेली असते.

गेल्या उन्हाळ्यापूर्वी वर्गात मी एक साधा गृहपाठ दिला होता. आपल्या घराचा एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा जमाखर्च लिहा आणि त्यातील उन्हामुळे वाढलेला खर्च निराळा काढा. बहुतेकांनी कूलर, विजेचे बिल, विकतच्या पाण्याच्या कॅन, औषधे असे रकाने केले. एका मुलीने खर्चाची बाजू जवळजवळ कोरी ठेवली होती आणि जमेच्या बाजूला तीन ओळी होत्या. तिचे वडील मिस्त्रीच्या हाताखाली काम करतात. मे महिन्यात काम सकाळी सहाला सुरू होऊन अकराला थांबते आणि हजेरी अर्धी लागते. आमच्या घरी कूलर नाही म्हणून खर्च वाढत नाही, मिळकत कमी होते, असे तिने खाली लिहिले होते. विषयाच्या पाठ्यपुस्तकातील परिभाषा तिने वापरली नव्हती. पण प्रश्न तिला कळला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज वर्तविला की २०३० मध्ये उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांएवढे. ती अर्धी हजेरी या आकड्यातील एक कण आहे. दुपारची विश्रांती सक्तीची करा, असा आदेश काढणे सोपे आहे आणि काढलाही पाहिजे. पण त्या विश्रांतीची मजुरी कोण देणार, हे आदेशात लिहिले नसेल, तर मजूर सावली नाकारून उन्हात जाईल. त्याचा निर्णय त्याच्या परिस्थितीत तर्कशुद्धच असेल.

गाव म्हणावे की शहर?

या साऱ्या प्रश्नाची गाठ आमच्या भागात एका प्रशासकीय विसंगतीत बसली आहे. वर्धा शहर वाढते आहे ते नगरपालिकेच्या हद्दीत नव्हे, तर तिच्या भोवती: पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी, म्हसाळा. घरे शहराची, रहदारी शहराची, कचरा शहराचा. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. जनगणनेत पाच हजारांवर लोकसंख्या, दाट वस्ती आणि पंच्याहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेरचे, अशा वस्तीला ‘जनगणना शहर’ म्हणतात. पण त्या शिक्क्याने नगरपालिका मिळत नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील वृक्ष जतनाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. परंतु कायदा नागरी क्षेत्राचा. म्हणजे नगरपालिकेच्या नाक्याच्या आत असलेल्या कडुनिंबाला वृक्ष प्राधिकरणाचे संरक्षण, आणि नाक्यापलीकडे तेवढ्याच वयाच्या, तेवढीच सावली देणाऱ्या कडुनिंबाला ते नाही. झाडाला अर्थातच ही हद्द माहीत नसते. प्लॉट पाडणाऱ्याला ती अचूक माहीत असते.

शहराच्या हद्दीत तरी काय घडते? २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली. गांधीजींच्या काळापासूनची म्हणून ओळखली जाणारी झाडे होती ती. वर्धेकर नागरिक रस्त्यावर उतरले, तोड थांबवावी लागली. पण तोवर बरीच झाडे गेली होती. त्या वेळी पुढे आलेला युक्तिवाद असा, की एका झाडाच्या बदल्यात आम्ही अनेक रोपे लावू. अंकगणित म्हणून ठीक. पण सत्तर वर्षांच्या चिंचेची सावली म्हणजे सत्तर वर्षे साठविलेले भांडवल आहे. दहा रोपांची सावली मिळण्यास एक पिढी जावी लागते, आणि मधल्या काळात त्या रस्त्याने सायकलवर शाळेत जाणारी मुले, भाजीची टोपली घेऊन चालणाऱ्या बाया यांनी काय करावे? मोटारीत बसलेल्याला रुंद रस्ता हवा असतो, पायी जाणाऱ्याला सावलीचा. दोघांच्या गरजा निविदेत एकाच वेळी येत नाहीत, आणि ज्याची येते तो बहुधा पायी चालणारा नसतो.

सेवाग्राम म्हटले की मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर यांचे गोडवे गाण्याचा मोह होतो. १९३६ साली तेथे उभी राहिलेली आदिनिवासाची इमारत आणि बापूकुटी आजही मे महिन्यात आत गेल्यावर काय असते, हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको. तथापि माझ्या गावातील एखाद्या शेतमजुराला मातीच्या घराची महती पटवू पाहणाऱ्याने आधी त्याच घरात दोन पावसाळे काढावेत. दरवर्षी कवेलू फेरावी लागतात, वानरे ती फोडतात, भिंतीत उंदीर आणि विंचू होतात, आणि मुलाचे लग्न जमविताना पाहुणे आधी स्लॅब आहे की नाही हे विचारतात. माणसाने पक्के घर मागितले यात चूक काहीच नाही. चूक आहे ती पक्के घर म्हणजे उन्हात तापणारी चार इंची काँक्रीटची पेटी, असा एकच नमुना त्याच्या हाती देणाऱ्यांची. स्लॅबवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर दिला, पश्चिमेच्या भिंतीला सावली दिली, समोरासमोर खिडक्या ठेवल्या, तरी आतला ताप बराच उतरतो. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्या शेजारचे राज्य आहे ते; हवाही आपल्यासारखीच. महाराष्ट्रात घरकुलाच्या अनुदानात छपराच्या पांढऱ्या रंगाची एक ओळ घालण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

अहमदाबादचे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि ते द्यावे असेच आहे. मे २०१० च्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू अधिक झाले, हे नंतर मृत्यूच्या नोंदी तपासून कळले. त्यातून २०१३ साली देशातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला: आगाऊ इशारा, दवाखान्यांत बर्फाची आणि खाटांची तयारी, बागा दुपारी उघड्या ठेवणे, पाणपोया. नागपूरनेही पुढे असाच आराखडा केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथे सुरुवात मृत्यूंच्या मोजणीने झाली. आमच्याकडे उन्हाने दगावलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदयक्रिया बंद पडून’ असेच लिहिले जाते. ते खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही.

आंजीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी या भागात आरोग्याच्या अनेक पाहण्या केल्या आहेत. माता-बालकांच्या, रक्तक्षयाच्या नोंदी जर गावोगाव होऊ शकतात, तर मे आणि जून महिन्यांतील मृत्यूंची, चक्कर येऊन आलेल्या रुग्णांची, दम्याच्या रुग्णांची दिनांकवार नोंद का होऊ नये? त्या दिवशीचे कमाल तापमान, रात्रीचे किमान तापमान आणि हवेतील दमटपणा शेजारच्या रकान्यात लिहिला, तर पाच उन्हाळ्यांत वर्धा जिल्ह्याकडे अशी वही तयार होईल की जी आज मोठ्या शहरांकडेही नाही. हवेतील कण मोजणारी साधी उपकरणे आता महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना परवडतात. भूगावच्या पोलाद कारखान्याचा परिसर, बजाज चौक, पिपरीचा नाका आणि तुलनेसाठी आंजीचे एखादे शिवार, एवढ्या चार ठिकाणी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर नोंदी ठेवल्या तर त्या शासकीय नोंदींची जागा घेणार नाहीत. पण शासकीय केंद्र मागण्यासाठी हातात कागद असेल.

एवढे झाल्यावर मग कायद्याची आणि पैशाची मागणी करता येईल. नगरपालिकेला लागून असलेल्या ग्रामपंचायतींना वृक्ष जतनाचा नागरी कायदा लागू करावा. ले-आउटला मंजुरी देताना रस्त्याच्या कडेला झाडांसाठी उघडी माती कागदावर नव्हे, जागेवर दाखविल्यावाचून परवानगी देऊ नये. आणि असलेल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतू नये. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ सालीच सांगितले आहे. आपल्या गावातील नव्या सिमेंट रस्त्यांवर एक फेरी मारून किती झाडांना तेवढा मान मिळाला आहे, ते वाचकांनीच पाहावे.

ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांत १ मे हा एक दिवस असतो. भर उन्हाळ्यात भरणारी ही एकमेव ग्रामसभा. गेल्या काही वर्षांत मी तिला हजर राहिलो आहे. विषयपत्रिकेवर घरपट्टी, नळयोजना, घरकुलांची यादी हे विषय असतात, पंख्याखालच्या जागा आधी भरतात, आणि उन्हाचा विषय निघतो तो फक्त सभा लवकर आटोपण्यासाठी. पुढच्या १ मे रोजी आंजीच्या आणि पिपरीच्या ग्रामसभेत, आपल्या हद्दीतील रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची गणना करून ती नोंदवहीत क्रमांकासह लिहावी, असा एका ओळीचा ठराव मांडता येईल. त्याला निधी लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही. शाळेची मुले आणि एक शिक्षक दोन सकाळी मोकळ्या मिळाल्या तर हे काम होते.